पराधीन देहाचा मुखत्यार

आपल्या पश्चात जमीनजुमल्याची वाटणी कशी व्हावी याची तजवीज साक्षीदारांच्या सह्यांनिशी चोख करून ठेवणारा गृहस्थ, आपल्या हयातीतच वाचा आणि शुद्धी हरपली तर या देहावर कोणते उपचार व्हावेत व कोणते थांबवावेत, याविषयी एक अक्षरही लिहून ठेवत नाही. कोणी सुचवलेच, तर तो विषय अभद्र ठरतो.

स्वेच्छेने देह ठेवणे आपल्या परंपरेला अपरिचित नाही. १९६६ साली सावरकरांनी आणि १९८२ साली पवनारला विनोबांनी अन्न व औषध वर्ज्य केले. परंतु तो निर्णय जागृत पुरुषांनी त्या त्या वेळी घेतलेला होता. अतिदक्षता विभागातील रुग्णापाशी पुष्कळदा ती जागृतीच उरत नाही. मग आज निरोगी अवस्थेत केलेला संकल्प उद्याच्या जर्जर जीवाला बंधनकारक मानावा काय? त्याच्या भयाची, त्याच्या जीवितासक्तीची आज मला काय कल्पना?

आक्षेप खरा आहे. तथापि मौनाने तो सुटत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ सालच्या हल्ल्यानंतर २०१५ साली मृत्यू येईपर्यंत अचेतनप्राय होत्या. एका लेखिकेने त्यांच्या सुटकेसाठी अर्ज केला, वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांनी त्यास विरोध केला. करुणा दोहोंकडे होती, आणि जिचा प्रश्न तिला विचारण्याची सोय मात्र उरली नव्हती. तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, हेही २०११ साली सर्वोच्च न्यायालयालाच ठरवावे लागले. तो रुग्णालयाच्या सेवकवर्गाचा मानून न्यायालयाने अर्ज फेटाळला.

त्याच न्यायालयाने २०१८ साली आगाऊ वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता दिली व २०२३ साली त्याची रीत सुलभ केली: दोन साक्षीदार आणि नोटरी वा राजपत्रित अधिकारी यांच्यासमक्ष सही पुरते, शुद्धीवर असेतो ते रद्द करता येते, आणि दोन वैद्यकीय मंडळांच्या निर्णयावाचून त्याचा अंमल होत नाही. त्यातील सर्वांत मोलाची तरतूद मला वाटते ती आपल्या वतीने बोलणाऱ्या आप्ताचे नाव नोंदवण्याची. उद्याच्या व्याधीचे रूप आज कोणालाच दिसत नाही. मात्र आपला स्वभाव जाणणारा माणूस तेव्हा ते प्रत्यक्ष पाहत असेल. मृत्यूवर हुकमत गाजवण्याचा अहंकार या दस्तऐवजात शोधणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे की, आपले कर्तृत्व दुसऱ्याच्या विवेकावर सोपवण्याची तयारी अहंकाराची सहसा होत नाही. मात्र ज्याच्यावर हा भार टाकायचा, त्याच्याशी मोकळेपणाने बोलणे हे आपले कर्तव्य होय. एरवी तो भार कोणा मुलाला वा मुलीला, आपले मन न जाणताच, जन्मभर वाहावा लागेल.