स्वहस्ताची भेट

वाढदिवस, राखीपौर्णिमा, दिवाळी, संक्रांत असे प्रसंग जवळ आले की, कित्येक घरांतून एक लहानसा कारखाना सुरू होतो. जाड कागद, कात्री, डिंक, रंग, मण्यांची पुडी, जुन्या लग्नपत्रिकांतून कापून ठेवलेली सोनेरी वेलबुट्टी इतके साहित्य पुढे घेऊन मुले, आणि पुष्कळदा त्यांच्या आयाही, आजीसाठी शुभेच्छापत्र, भावासाठी राखी, मावशीसाठी कापडी बटवा असे काही ना काही करीत बसतात. ह्याहून सुबक वस्तू बाजारात थोड्या पैशांत मिळत असता हा खटाटोप कशासाठी, असे विचारल्यास एकच उत्तर येते : ‘हाताने केलेल्याची गोष्टच वेगळी.’ हे उत्तर इतक्या सहज दिले जाते व इतक्या सहज मान्यही होते की, ही वेगळी गोष्ट ती कोणती, हे विचारण्याचे कोणास सुचत नाही. प्रस्तुत लेखात तेवढेच विचारावयाचे आहे.

हा प्रश्न वर्ध्याच्या परिसरात विचारण्यास विशेष औचित्य आहे. पिपरी मेघे ही वर्धा शहराला लागून वाढलेली वस्ती. तेथील कुटुंबांची राहणी दुसऱ्या कोणत्याही शहराच्या कडेच्या मध्यमवर्गीय राहणीहून निराळी नाही. शाळा, नोकरी, दुकाने, घरपोच येणाऱ्या वस्तू, सारे तेच. परंतु ह्या वस्तीपासून जवळच मगनवाडी आहे, आणि दहाबारा किलोमीटरांच्या आत सेवाग्राम व पवनार आहेत. १९३४ च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना होऊन त्याचे ठाणे मगनवाडीत पडले, १९३६ साली गांधीजी सेवाग्रामास राहावयास गेले, १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण-परिषदेत हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला गेला, व १९३८ च्या डिसेंबरात मगन संग्रहालय उघडले. अन्यत्र जी केवळ हौस, ती ह्या पंचक्रोशीत एके काळी जीवननिष्ठा होती. म्हणून येथील एखाद्या घरात मूल कागद दुमडू लागते, तेव्हा त्याच्या नकळत ते एका जुन्या वादात पाऊल टाकीत असते.

प्रथम एक समजूत दूर केली पाहिजे. शुभेच्छापत्र मुळात हाताने करण्याची वस्तू होती व यंत्राने ती बिघडविली, असे अनेकांस वाटते. निदान विलायती नाताळपत्राचा इतिहास उलट आहे. १८४३ साली लंडनच्या हेन्री कोल ह्या गृहस्थाने नाताळच्या पत्रांना उत्तरे लिहिण्यास सवड नाही म्हणून एका चित्रकाराकडून चित्र काढवून त्याच्या सुमारे १००० प्रती छापून घेतल्या. म्हणजे छापील शुभेच्छापत्राचा जन्मच मुळी वेळेच्या टंचाईतून झाला. आपल्याकडेही संक्रांतीस हलव्याचे चार दाणे पाकिटात घालून, सोबत लहानसे रंगीत छापील पत्र जोडून ते परगावच्या आप्तांस टपालाने धाडण्याची रीत होती. ते पत्र छापील असे म्हणून त्यातील गोडवा कमी होत असे, असे कोणी म्हणणार नाही. दसऱ्याचे सोने तर कोणी घडवीतही नाही. आपट्याचे पान झाडावरून खुडावयाचे आणि वडील माणसांच्या हाती ठेवून नमस्कार करावयाचा. तेव्हा भेटीचे मर्म कारागिरीत असते हे म्हणणे आपल्याच चालीरीतींशी जुळत नाही.

मग ते श्रमात असते काय? पुष्कळांचा समज असा की, हाताने केलेल्या वस्तूत देणाऱ्याचे कष्ट ओतलेले असतात म्हणून ती मोलाची. ह्या समजास सर्वांत मोठा अडथळा सुदाम्याच्या पोह्यांचा आहे. भागवताच्या दशम स्कंधातील कथा प्रत्येक मराठी घरात ठाऊक आहे. परंतु तीतील एक तपशील सहसा ध्यानात राहत नाही. ते पोहे सुदाम्याच्या घरचे नव्हते. त्याच्या पत्नीने शेजारच्या ब्राह्मणांकडे मागून चार मुठी पोहे आणले व फडक्याच्या तुकड्यात बांधून दिले. न पिकविलेले, न कांडलेले, उसने मागून आणलेले ते पोहे. आणि तरीही शतकानुशतके ह्या देशाने भेटीचा आदर्श म्हणून त्यांकडेच बोट दाखविले. श्रम हेच भेटीचे मोल असते, तर ह्या कथेत श्रीकृष्णाने पोह्यांऐवजी शेजाऱ्यांचे आभार मानावयास हवे होते.

ह्या कथेत एक गोष्ट मात्र निश्चित आहे. रिकाम्या हाताने मित्राकडे जाऊ नये, ही टोचणी त्या दरिद्री घरात होती. त्या घराने द्वारकेच्या मित्राचे स्मरण केले, आपल्यापाशी काय आहे आणि काय नाही हे तपासले, व लाज गिळून शेजारी हात पसरला. भेटीचे मर्म मला येथे दिसते. ज्याला द्यावयाचे त्याच्याविषयी काही काळ मन एकाग्र करणे, त्याची गरज, त्याची आवड, त्याचे वय आणि त्याचा संकोच डोळ्यांपुढे आणणे, हे भेटीचे सत्त्व होय. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची लक्षणे सांगताना देश, काल व पात्र ह्यांचा जो विचार सांगितला आहे, तोही ह्याच अवधानाचा. पात्राचा विचार न करता दिलेले दान कितीही मोठे असले तरी ते देणाऱ्याच्या मनातच फिरत राहते.

कोणी म्हणेल, असे असेल तर हाताचा आग्रह सोडून द्यावा. विचारपूर्वक विकत घेतलेली वस्तूही तेवढीच चांगली. हे म्हणणे खरे आहे, आणि मी ते मान्य करतो. तथापि मनुष्यस्वभाव असा आहे की, अवधान ही गोष्ट केवळ ठरवून साधत नाही; तिला कशाचा तरी आधार लागतो. जपाला जशी माळ, तसा स्मरणाला हाताचा उद्योग. दुकानात वस्तू निवडण्यास पाच मिनिटे लागतात, व त्या पाच मिनिटांतही लक्ष किमतीकडे असते. उलट सुईदोरा घेऊन बसलेल्या माणसाचे हात गुंतलेले असतात व मन मोकळे असते. ते मन कोठे जाईल? ज्याच्यासाठी टाका घालावयाचा त्याच्याकडेच ते पुनःपुन्हा जाते. रुमालाच्या कोपऱ्यात नावाचे अक्षर भरताना ते नाव शंभरदा मनात येते. हाताचा लाभ आहे तो हा. वस्तूला तो क्वचित होतो, देणाऱ्याला मात्र नेहमी होतो.

वर्ध्याच्या परंपरेने ही गोष्ट सुतावरून ओळखली होती. सुताची एक गुंडी म्हणजे ६४० तार, एकेक तार चार फुटांची. सरावलेल्या हातालाही ती चरख्यावर काढण्यास काही तास बसावेच लागते. गांधीजींच्या निधनानंतर त्यांच्या श्राद्धदिनी, १२ फेब्रुवारीस, प्रत्येकाने स्वतः कातलेली एक गुंडी अर्पण करावी, ही जी ‘सूतांजली’ची कल्पना विनोबांनी मांडली, तिचे रहस्य हेच. पैसा श्रीमंतापाशी अधिक असतो, पण दिवसाचे तास सर्वांना सारखेच मिळतात. कुटुंबातही हे लागू पडते. १९४२ साली इंदिरेच्या विवाहात तिने नेसलेली खादीची साडी पंडित नेहरूंनी तुरुंगात कातलेल्या सुताची होती. मुलीला देण्यासाठी बाहेर ज्या बापाला वेळ नव्हता, त्याला तो तुरुंगाने दिला, आणि त्याने तो सुताच्या रूपाने तिच्या हवाली केला.

परंतु येथवर भेटीची एकच बाजू झाली. देणाऱ्याइतकेच घेणाऱ्यावरही काही बंधन असते, आणि हाताने केलेल्या भेटीत ते बंधन अधिक घट्ट असते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस ह्याने १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात अनेक समाजांच्या चालीरीती तपासून दाखविले की, भेट ही दिसते तशी निर्हेतुक नसते. तीत देणाऱ्याचा अंश राहतो व तो घेणाऱ्याला परतफेडीस बांधतो. दुकानातून आणलेला पेला नको असेल तर दुसऱ्या कोणास देता येतो. पुतणीने स्वतः रंगविलेला, रंग ओघळलेला पेला मात्र देता येत नाही, टाकता येत नाही, आणि ती घरी येईल तेव्हा तो पुढे दिसावा लागतो. पुष्कळ घरांच्या कपाटांत अशा प्रेमाच्या ओझ्यांचा एक खण असतो. म्हणून करणाऱ्याने स्वतःस प्रथम हे विचारावे की, ही वस्तू मी तिच्यासाठी करीत आहे, की माझे कौशल्य तिच्या घरात मांडून ठेवीत आहे?

आपल्या रुखवताची कथा ह्या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे. वधूकडील बायकांनी महिनोन्‌महिने खपून केलेल्या वस्तू, साखरेची तुळशीवृंदावने, सुपारीची बाहुलाबाहुली, मण्यांची तोरणे मांडवात मांडून ठेवावयाची. त्यांत हौस होती, कला होती, आणि मुलीच्या वियोगाची तयारीही होती. परंतु तीच मांडणी वरपक्षाच्या डोळ्यांनी मोजली जाऊ लागली, तेव्हा तिची परीक्षा झाली. आणि परीक्षा देण्यासाठी लोक हाताचे काम विकत घेऊ लागले. आज सजविलेले रुखवत तयार मिळते, भाड्यानेही मिळते. त्याच वाटेने हल्ली शुभेच्छापत्राचे तयार संचही मिळतात. कापलेली फुले, चिकटविण्याची अक्षरे, छापलेले मायन्याचे शब्द, आणि शेवटी ‘हस्तनिर्मित’ असा शिक्का. हाताला चिकटविण्यापलीकडे काम उरलेले नसते, आणि मनाला तेवढेही नाही.

१९४७ च्या नोव्हेंबरात इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ हिच्या विवाहास गांधीजींनी पाठविलेल्या भेटीत हे सारे प्रश्न एकत्र आले आहेत. सर्वस्व सोडलेल्या माणसापाशी देण्याजोगे काय असणार? त्यांनी स्वतः कातलेल्या सुताचे एक लहान विणलेले वस्त्र पाठविले. वधूची आजी, राणी मेरी, हिला ते लंगोटाचे वस्त्र वाटले व तिने नाक मुरडले, अशी हकीकत सांगतात. एकाच भेटीचे घेणारे दोन असू शकतात, हे येथे दिसते. कारण २०२२ साली राणी एलिझाबेथच्या निधनानंतर भारताच्या पंतप्रधानांनी सांगितले की, त्यांच्या एका भेटीत तिने गांधीजींनी लग्नात दिलेला तो रुमाल त्यांना दाखविला होता. म्हणजे सुमारे सत्तर वर्षे ती भेट जपली गेली होती. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सूत गांधीजींचे होते. पण ते विणले एका पंजाबी मुलीने, आणि गांधीजींनी सोबतच्या पत्रात तसे लिहिलेही. त्या वस्त्राची गोष्ट सांगणारे मात्र तिला बहुधा वगळतात.

ती वगळलेली मुलगी आपल्याला आपल्या घरात आणून सोडते. कारण हाताने केलेल्या भेटींचा गौरव करताना आपण एक मोठा अन्याय करीत असतो. आजीने जुन्या सुती लुगड्यांचे थर लावून शिवलेली गोधडी, बाळंतिणीसाठी वळलेले डिंकाचे लाडू, नातवाचे अंगडे, टोपडे व दुपटे, हिवाळ्याआधी विणून झालेला स्वेटर, ह्या सर्व वस्तू घेणाऱ्याचेच माप, त्याचीच थंडी आणि त्याचीच भूक मनात ठेवून केलेल्या असतात. भेटीची जी कसोटी आपण वर ठरविली, तिला ह्यांपेक्षा अधिक उतरणारे दुसरे काही नाही. तरी त्यांना कोणी भेट म्हटले नाही. त्यांना घरकाम म्हटले. मुलाने वर्षातून एकदा कागद दुमडून आईस दिला तर घर कौतुकाने भरते, आणि तिने वर्षभर जे हाताने केले त्याची मोजदाद होत नाही. जे. सी. कुमारप्पांनी आपल्या अर्थविचारात सेवेची अर्थव्यवस्था ही सर्वांत वरची मानली, व तिचे उदाहरण म्हणून अपत्याची काळजी घेणारी आई दाखविली. हा गौरव यथार्थ आहे. परंतु जिला फेडीची अपेक्षा नाही तिला आभाराचाही हक्क नाही, असा त्याचा सोयीस्कर अर्थ घरोघर काढला गेला. निरपेक्षता हा देणाऱ्याचा गुण आहे. घेणाऱ्याने तिचा आधार घेऊन विसरणे हा गुण नव्हे.

मुलांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. शाळेत करावयास सांगितलेले शुभेच्छापत्र रात्री दहा वाजता वडील नीट करून देतात. मुलाने प्रथम मोठी लिहिलेली व कागद संपत आल्यावर दाटीवाटीने कोंबलेली अक्षरे खोडून पट्टीने रेघ मारतात. पत्र सुबक होते आणि ते मुलाचे राहत नाही. १९३७ च्या वर्धा-योजनेत मुलाच्या हाताचे काम खरे व उपयोगी असावे, त्यातूनच त्याने शिकावे, असा आग्रह होता. आजीच्या नावासाठी जागा पुरली नाही, हे मुलाला कळू द्यावे. पुढच्या वेळी ते नावापासून आरंभ करील. कोणाचा विचार आधी करावयाचा, हे एवढ्या स्वस्तात दुसरीकडे शिकावयास मिळत नाही.

तात्पर्य, हाताने करावे की विकत घ्यावे, हा प्रश्न खरा नाही. करताना किंवा घेताना समोर कोण होते, हा खरा प्रश्न आहे. आणि हात हा त्या माणसाला समोर बसवून ठेवण्याचा सर्वांत जुना व स्वस्त उपाय आहे, एवढेच त्याचे श्रेष्ठत्व. हे ज्याला पटेल त्याने ह्या दिवाळीस कागद कापण्यापूर्वी घरातील गोधडी एकदा उलगडून पाहावी. तिच्यावरील टाके कोणी घातले हे ठाऊक असेल व ती व्यक्ती हयात असेल, तर पहिले शुभेच्छापत्र कोणास करावयाचे, हे निराळे सांगण्याचे कारण नाही.