रिकामा रकाना

लहानपणी आजी आम्हाला पोरं मोजू द्यायची नाही. पंगतीला किती बसलोत म्हणून बोट फिरवायला लागलं की दटावायची, "माणसं काय मेंढरं हाईत व्हय मोजायला?" आता मी कोडोलीत तिसरीचा वर्ग सांभाळते आणि दर महिन्याला चोवीस पोरं मोजते. मिनिटाला किती शब्द वाचले, ते एक्सेलच्या रकान्यात भरायचं. तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचावेत, असं निपुण भारत अभियानाचं लक्ष्य आहे.

डिसेंबरात बीडकडची एक मुलगी वर्गात आली. आईबाप ऊसतोडीला, मुक्काम फडाजवळच्या कोपीत, कडेवर धाकटा भाऊ. पहिल्या दिवशी चार शब्द वाचले. मार्चमध्ये नऊ. म्हणजे दुपटीहून जास्त. पण ग्राफवर तिची रेघ तळाला चिकटलेलीच.

मग हंगाम संपला, कारखान्याचा पट्टा पडला आणि एका पहाटे टोळी निघून गेली. महिनाअखेरीला मी तिचा रकाना रिकामा ठेवला. वर्गाची सरासरी 41 होती, ती 42.4 झाली. बाकीच्या तेवीस जणांचे आकडे तेच होते, कुणी एक शब्दही जास्त वाचला नव्हता. शिक्षण परिषदेत चढती रेघ दाखवली तेव्हा टाळ्या पडल्या. मीही हसले. घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

एक्सेलचा नियम साधा आहे. शून्य लिहिलं तर सरासरीत धरतो, रिकामा रकाना ओलांडून पुढं जातो. शून्य लिहावं, तर ती शून्य नव्हती. रिकामं ठेवावं, तर ती कधी आलीच नव्हती, असं होतं.

वारणा खोऱ्यात मोजमापाचं कुणाला नवल नाही. 1998 साली इथली सत्तरेक गावं ‘वायर्ड व्हिलेज’ योजनेत कॉम्प्युटरनं जोडायला घेतली होती. पण काट्यावर ऊस मोजायची रीत त्याहून जुनी: आधी भरल्या गाडीचं वजन, मग रिकाम्या गाडीचं वजा. माझ्या शीटमध्ये गाडी वजा करायला जागाच नाही. कडेवरचा भाऊ, हापशावरचं पाणी, रात्री दोनला भरायला येणारा ट्रॅक्टर, हे सगळं तिच्या नऊ शब्दांच्या पोटात गेलं.

शेजारच्या वर्गावरच्या बाई इथल्या चर्चला जातात. त्यांना आजीचं बोलणं सांगितलं, तर म्हणाल्या, "आमच्या लूकच्या शुभवर्तमानात मेंढरंच आहेत की. शंभरातलं एक हरवतं, आणि मेंढपाळ नव्याण्णव रानात सोडून त्याच्यामागं जातो. पण बाई, मोजल्याशिवाय त्याला एक कमी आहे हे कळलं कसं?"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या मेंढपाळानं सरासरी काढली नाही. मोजणी संपली तिथून त्याची पायपीट सुरू झाली.

तरी आजी सगळीच चुकली, असंही वाटेना. तुकोबा आठवले. वाण्याचं घर, घरात सावकारी. त्यांना हिशेब येत नव्हता थोडाच! तरी भावाच्या वाट्याची कर्जखतं त्याला देऊन स्वतःच्या वाट्याची त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असं सांगतात. खतातला माणूस म्हणजे फक्त देणेकरी. माझी शीटही तेच म्हणत होती: 60 पैकी नऊ, एक्कावन्न शब्द येणे बाकी. जणू त्या पोरीनं माझ्याकडून शब्द उसने नेले होते.

आता माझ्यापुरतं एवढं ठरलंय. जो आकडा मला उठवून पोराकडं धाडतो, तो मेंढपाळाचा. जो पोराला माझा देणेकरी करतो, ते खत; ते बुडवावं.

तिचा रकाना मी रिकामाच ठेवला, पण पिवळा केला. सरासरीखाली लिहिलं: ‘एक मूल स्थलांतरित, तिला धरून वाचावे.’ स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं. तिचं भरायचं राहिलं होतं, ते भरलं. गुणांच्या जागी गुण लिहिले. मग कार्ड उलटं करून पाठीमागं लिहिलं: ‘जोडाक्षराला अडते. घाई करू नये. कोल्ह्याची गोष्ट अर्धी राहिली आहे.’

पत्ता मुकादमाकडून घेतला आणि पाकीट पोस्टात टाकलं.