बावखल कोणाचे?



यहेज्केल संदेष्ट्याला एक दर्शन घडले (अध्याय ४७). मंदिराच्या उंबरठ्याखालून झरा निघतो, त्याची नदी होते. ती खाऱ्या समुद्राला मिळताच पाणी गोडे होते, मासे वाढतात, कोळी जाळी पसरतात. मात्र तिथली दलदल देव तशीच ठेवतो, मिठासाठी. म्हणजे देवाच्या नव्या सृष्टीतही पाणथळ जागा निरुपयोगी नाही. तिलाही काम नेमून दिलेले आहे.

आपल्या वसईच्या पूर्वजांनी हे ओळखले होते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. अशा भूमीत त्यांनी वाडीवाडीत बावखले खोदली. पावसाचे पाणी तिथे साठे, जमिनीत मुरे आणि विहिरी गोड्या राहत. रहाटाने तेच पाणी केळी-पानवेलींना मिळे. काठच्या झाडावर खंड्या बसे. मासे डासांच्या अळ्या खात.

आज कितीतरी बावखले बुजली आहेत. ती कोणी बुजवली? हरित वसईच्या चळवळीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या हाकेला आपण ओ दिली, रस्त्यावर उतरलो. परंतु घरच्या बावखलात भरावाच्या गाड्या रिकाम्या करून घेणारे हातही आपलेच होते. जुलै २०१८ मध्ये पाणी घरात शिरले, तेव्हा आपण इतरांना बोल लावला. आपल्या अंगणात पाण्याला जागा उरली आहे का, हे मात्र पाहिले नाही.

"सातबारा आमच्या नावावर आहे," असे आपण म्हणतो. संत थॉमस अक्वायनस शिकवतात की, मालकी एकाची असू शकते, परंतु वस्तूचा उपयोग सर्वांच्या हितासाठी आहे. बावखल एकाच्या वाडीत असते, पण त्यात मुरलेले पाणी शेजाऱ्याच्या विहिरीलाही पोहोचते.

हे काम एकट्याचे नाही. म्हणून पावसाळ्यापूर्वी उरलेल्या बावखलांच्या हिस्सेदारांनी एकत्र बसावे. जुने रुसवे असतील तर ते आधी मिटवावेत. सांडपाण्याचे पाइप दुसरीकडे वळवावेत. तरुणांनी जलपर्णी व प्लास्टिक काढावे, स्वच्छ गाळ वाडीत पसरावा. पक्ष्यांची घरटी असलेला कोपरा तसाच ठेवावा.

बाप्तिस्म्याच्या वेळी आपण पाण्यावर देवाचा आशीर्वाद मागतो. ज्या पाण्याला आशीर्वाद मागायचा, त्यालाच आपण बुजवावे काय?

प्रभू आपल्याला एकत्र येण्याची सुबुद्धी देवो.

आपले धर्मगुरू