पुटपुटलेली किंमत

आपला मुलगा अश्वत्थामा खरोखरच मेला का, हे विचारायला द्रोणाचार्यांनी सगळ्या पांडवांतून युधिष्ठिराला गाठले. तिन्ही लोकांचे राज्य मिळत असले तरी हा माणूस खोटे बोलणार नाही, असा त्यांचा विश्वास होता. आणि तसे पाहिले तर युधिष्ठिर खोटे बोललाच नाही. अश्वत्थामा नावाचा हत्ती भीमाने मारला होता. युधिष्ठिराने अश्वत्थामा मेला हे मोठ्याने सांगितले आणि हत्ती हा शब्द ओठांतल्या ओठांत पुटपुटला. महाभारताने या पुटपुटण्याचा हिशोब दोनदा घेतला आहे. जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ त्याच क्षणी मातीला टेकला. पुढे स्वर्गारोहण पर्वात त्याला नरक पाहावा लागला, तेव्हा इंद्राने कारणही स्पष्ट सांगितले: द्रोणांना तू छलाने फसवलेस, म्हणून तुलाही छलानेच नरक दाखवला. ‘नरो वा कुंजरो वा’ हा वाक्प्रचार आपण एरवी कातडी वाचवणाऱ्या माणसासाठी वापरतो. प्रवासाच्या ॲपवर खोलीची किंमत ज्या रीतीने सांगितली जाते, तिला तो शब्दशः लागू पडतो असे माझे म्हणणे आहे. तक्रार दोन-चारशे रुपयांची दिसते खरी, पण तिच्या तळाशी सत्य कशाला म्हणायचे हा जुना प्रश्न आहे.

समजा, विदर्भातले एक कुटुंब त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळीसाठी निघाले आहे. विधी तीन दिवसांचा, म्हणजे दोन रात्रींचा मुक्काम अटळ. ॲपवर खोली दिसते 1,800 रुपयांना. शेजारी 3,200 चा आकडा खोडलेला, खाली तांबड्या अक्षरांत ‘शेवटच्या दोन खोल्या’, आणि त्याखाली इतक्या फिक्या करड्या रंगात, की चष्मा लावूनही नजर घसरावी, ‘अधिक कर व शुल्क’. दोन रात्रींचे 3,600 मनात धरून माणूस पुढे जातो. नावे, वये, मोबाइल नंबर, ओटीपी असे तीन पडदे ओलांडल्यावर 180 रुपये जीएसटी येतो, मग सुविधा शुल्काचे 250, मग आधीच बरोबरची खूण केलेला 99 रुपयांचा विमा आणि तशीच खूण केलेले 10 रुपयांचे दान. बेरीज 4,139. लॉजवर पोचल्यावर काउंटरवरून कळते की चौथ्या माणसाची गादी वेगळी, रात्रीला 400. म्हणजे 4,939. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण ज्याने कधी अशी खोली घेतली आहे त्याला ही चढण ओळखीची वाटेल. यातला एकही आकडा खोटा नाही, हे ध्यानात ठेवावे. प्रत्येक रक्कम कुठे ना कुठे लिहिलेली होतीच. खोटी ठरली ती पहिल्या पडद्यावर माणसाच्या मनात उमटलेली किंमत, आणि ती उमटावी म्हणूनच तो पडदा तसा मांडलेला होता.

‘सगळे लिहिलेले होते, तुम्ही वाचले नाही’ हा इथला पहिला बचाव. त्याला उत्तर आपल्याच परंपरेत फार नेमकेपणाने दिलेले आहे. योगसूत्रांत सत्य आणि अस्तेय ही यमांत शेजारी शेजारी येतात. त्या सूत्रावरच्या व्यासभाष्यात वाणीचा हेतू सांगितला आहे: आपल्याला जे कळले ते दुसऱ्याच्या मनात जसेच्या तसे पोचवण्यासाठी माणूस बोलतो. म्हणून ती वाणी फसवणारी नसावी, भ्रमाची नसावी आणि ऐकणाऱ्याच्या मनात काहीच बोध न उपजवणारी, म्हणजे वांझ, नसावी. वाचस्पती मिश्रांनी यावर टीका लिहिताना फसव्या वाणीचे उदाहरण दिले ते युधिष्ठिराच्या याच उत्तराचे. वांझ वाणीचे उदाहरण त्यांनी दिले ते ऐकणाऱ्याला कळणारच नाही अशा भाषेत बोलण्याचे. इथे सत्याचे माप शब्दांतून उचलून ऐकणाऱ्याच्या मनात ठेवले आहे, आणि मला ही विचाराची फार मोठी झेप वाटते. शब्द वस्तुस्थितीशी जुळतात की नाही एवढ्यावर भाष्यकार थांबत नाही; समोरच्याला काय कळले, असे विचारतो. या कसोटीवर फिका करडा मजकूर ही फसवी वाणी आणि चाळीस परिच्छेदांच्या इंग्रजी अटी ही वांझ वाणी. ‘लिहिलेले होते’ या बचावाने उलट आरोपच सिद्ध होतो: त्यांना सांगायचे ठाऊक होते, आणि कळू नये असे सांगायचेही ठाऊक होते.

दुसरा आक्षेप अधिक भारदस्त आहे. गप्प राहणे म्हणजे फसवणे नव्हे, व्यापारात ज्याने त्याने आपले डोळे उघडे ठेवावेत. आपला 1872 चा करार कायदाही कलम 17 मध्ये म्हणतो की निव्वळ मौन ही लबाडी नाही, आणि उदाहरण देतो लिलावात विकलेल्या अधू घोड्याचे. हाच वाद रोमचा सिसेरो दोन हजार वर्षांपूर्वी मांडून गेला. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे, एक व्यापारी धान्याचे जहाज घेऊन आधी पोचला आहे, मागून आणखी जहाजे येत आहेत हे त्याला ठाऊक आहे. त्याने ते सांगावे की चढ्या भावाने माल विकून मोकळे व्हावे? स्टोइक गुरू डायोजिनीस म्हणाला, न सांगणे वेगळे आणि लपवणे वेगळे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणाला, सांगितलेच पाहिजे. सिसेरोने कौल शिष्याच्या बाजूने दिला: ज्याला कळण्यात हित आहे त्याने आपल्या फायद्यासाठी अंधारात राहावे अशी इच्छा धरणे, हेच लपवणे. पण मी म्हणतो, क्षणभर डायोजिनीसचे मान्य करू. तरीही ॲपचा बचाव होत नाही, कारण ॲप गप्प नसते. ते 1,800 असा आकडा ठळक करून बोलते. करार कायद्याचे तेच कलम पुढे म्हणते की काही प्रसंगी मौन हेच बोलणे ठरते. घोडा विकत घेणारा ‘तुम्ही नाही म्हटले नाहीत तर मी घोडा धडधाकट धरतो’ असे म्हणाला आणि विकणारा गप्प राहिला, तर तो बोललाच. किंमत विचारणारा प्रत्येक माणूस न बोलता हेच म्हणत असतो: तुम्ही आणखी काही सांगितले नाहीत तर मी हीच किंमत धरतो.

नाशिकच्या रामकुंडावर स्नानाआधी जो संकल्प सोडतात तो जवळून पाहावा. तळहातावर पाणी आणि अक्षता घेऊन यजमान बसतो. तीर्थोपाध्याय संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र उच्चारतात, गोदेचा तीर सांगतात, मग गोत्र, मग नाव, मग कशासाठी हे कर्म चालले आहे ते. सगळे उच्चारून झाल्यावरच ते पाणी हातातून सोडायचे. कोण, कुठे, केव्हा, कशासाठी हे आधी मोठ्याने, आणि कृती त्यानंतर. ॲपची रीत याच्या नेमकी उलटी आहे: पाणी आधी सोडायला लावायचे आणि संकल्पातले उरलेले शब्द मागाहून एकेक घालत जायचे. त्या 10 रुपयांच्या दानाची गोष्ट तर मला सर्वांत जास्त खटकते. दानाला देणाऱ्याची इच्छा लागते. गीतेने सतराव्या अध्यायात मन मारून दिलेले दान राजस म्हणून खालच्या पायरीवर ठेवले. इथे तर देणाऱ्याला आपण दिले हेच ठाऊक नसते. खूण काढायला गेलाच, तर कधीकधी त्याला ओशाळे करणारे वाक्य समोर येते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला अशा तेरा फसव्या रीतींना नावानिशी मनाई केली, तेव्हा दान नाकारणाऱ्याला लाजवण्याचेही उदाहरण त्यात घातले. किंमत थेंबथेंब सांगणे म्हणजे ड्रिप प्रायसिंग, न विचारता टोपलीत वस्तू सरकवणे म्हणजे बास्केट स्नीकिंग; दोन्ही त्या यादीत आहेत.

कर तर सरकारचा, आमचा काय दोष, असे म्हणणाऱ्यांना थोडक्यात उत्तर पुरे. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के जीएसटी आहे. हा दर ॲपला पहिल्या पडद्यावरही ठाऊक असतो. वरच्या उदाहरणात वाढलेल्या 1,339 रुपयांपैकी कर 180 चा. करामागे उभे राहून बाकीचे लपते. यात्रेकरूंवरचे कर आपल्या देशाला नवे नाहीत. अकबराने 1563 मध्ये यात्राकर उठवला आणि कंपनी सरकारने प्रयाग, गया, पुरी इथला 1840 मध्ये. तो कर अन्यायाचा होता, म्हणूनच त्याविरुद्ध बोलता आले आणि तो उठलाही. पुटपुटलेल्या आकार-शुल्काविरुद्ध बोलायचे तरी कोणाशी?

‘तीर्थक्षेत्रात तरी काय वेगळे चालते’ हा प्रश्न टाळून चालणार नाही. विधी सुरू झाल्यावर दक्षिणा वाढत जाणे, हे दान ते दान असे म्हणत यजमानाला उठूच न देणे, याच्या तक्रारी क्षेत्रोक्षेत्री आहेत. माझे उत्तर सरळ आहे: तेही तितकेच असत्य, किंबहुना अधिक, कारण तिथे भीती पितरांची घातली जाते. पूर्वी यजमान उपाध्यायांच्याच वाड्यात उतरत, त्यांच्या वहीत पिढ्यान्‌पिढ्यांची नावे सापडत. त्या संबंधात दक्षिणेचा आकडा नसला तरी चालत असे, कारण दोघांना पुन्हा भेटायचे होते. ओळख संपली तिथे आकडा पूर्ण सांगणे हाच ओळखीच्या जागी येणारा धर्म. म्हणून आधी सगळा खर्च सांगून विधीला बसवणारा उपाध्याय मला खरा परंपरेचा वाटतो. एकाने केले म्हणून दुसऱ्याचे पाप पुसले जात नाही, हे दोघांनाही लागू आहे.

सर्वांत अवघड आक्षेप प्रामाणिक लॉजवाल्याचा आहे. तो म्हणतो, मी पहिल्याच ओळीत 2,400 लिहिले आणि शेजाऱ्याने 1,800, तर गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे जाते, मग शेवटी त्याला 2,500 पडले तरी. सत्याने माझे दुकान बंद पडायचे का? या माणसाला उपदेश करणे निर्दयपणाचे आहे. तुकोबा दुकानदाराच्या घरातले. धन जोडू नका असे ते म्हणाले नाहीत, व्यवहार उत्तम असावा एवढे म्हणाले. पण उत्तम व्यवहार एकट्याच्या खांद्यावर टाकला तर तो तपश्चर्या होतो, आणि बाजार तपश्चर्येवर चालत नाही. इथे व्यक्तीच्या सत्याला राजधर्माची जोड लागते. कौटिल्याला हे कळले होते. अर्थशास्त्रात जकात नाक्यावर व्यापाऱ्याने मालाचे परिमाण आणि किंमत तीनदा पुकारायची, अशी व्यवस्था सांगितली आहे. सगळ्यांनीच पुकारले की पुकारणाऱ्याचे नुकसान होत नाही. अमेरिकेत 12 मे 2025 पासून लागू झालेला नियम हेच करतो: मुक्कामाच्या जाहिरातीत सक्तीच्या शुल्कांसह एकूण किंमत आधी आणि ठळक दाखवायची. सरकारी कर तेवढे मागाहून जोडायची मुभा त्यात आहे. माझ्या मते आपण तीही ठेवू नये. आपल्याकडे मनाई आहे, पण जून 2025 मध्ये प्राधिकरणाने कंपन्यांना स्वतःची तपासणी स्वतःच तीन महिन्यांत करायला सांगितले. चोराने आपल्या खिशाची झडती स्वतः घ्यावी अशातला हा प्रकार मला अपुरा वाटतो.

नाशिकला हा प्रश्न घाईचा आहे. सिंहस्थ कुंभमेळ्याचे ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026 चे, पहिले अमृतस्नान 2 ऑगस्ट 2027 चे, दुसरे 31 ऑगस्टचे आणि तिसरे नाशिकला 11 व त्र्यंबकेश्वरला 12 सप्टेंबरचे. या तारखांना लाखो लोक पंचवटी, तपोवन आणि त्र्यंबक रस्त्यावर छप्पर शोधणार, त्यांतले बरेच जण आयुष्यात पहिल्यांदा ॲपवर खोली घेणार. त्यांच्या घरातल्या शिकलेल्या मुलामुलींनी एवढे करावे: तुलना पहिल्या आकड्याची न करता पैसे भरण्याआधीच्या शेवटच्या आकड्याची करावी, आधीच केलेल्या खुणा काढून टाकाव्यात, लॉजला फोन करून गादी, लहान मुले, पार्किंग आणि लवकर चेक-इन यांचे मिळून एकूण किती, हे विचारावे आणि उत्तर मेसेजवर लेखी घ्यावे, पहिल्या आणि शेवटच्या पडद्याचा स्क्रीनशॉट ठेवावा, आणि दोन्हींत तफावत पडली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवावी. आणि नाशिक-त्र्यंबकच्या लॉजमालकांना माझी हात जोडून विनंती आहे: सिंहस्थाचे दर वाढवायचे तर वाढवा, पण ॲपवर द्या, फलकावर लिहा किंवा फोनवर सांगा, यात्रेकरूने आधी पाहिलेला आकडा आणि निघताना हातात पडणाऱ्या पावतीवरचा आकडा एकच असू द्या.