आधी छातीशी

विंचूरला लासलगाव बाजार समितीचं उपआवार आहे. त्याच्या जवळच एका कांदा व्यापाऱ्यानं नवी शेड बांधायला काढली. मृग तोंडावर आला होता. लोखंडी कैच्या उभ्या राहिल्या होत्या, पत्रे तेवढे वर चढवायचे होते. त्यासाठी त्यानं भाड्यानं टेलिहँडलर आणला.

यंत्र मोठं कामाचं. पुढं फोर्कलिफ्टसारखे दोन सुळे, पण ते नुसते सरळ वर जात नव्हते. लांब बूम तिरका वर उठे, आणि त्याच्या आतला भाग तेलाच्या दाबानं दुर्बिणीसारखा बाहेर सरके. टायर जाड, जोर चारही चाकांना. साधी फोर्कलिफ्ट जिथं रुतली असती, तिथून ते खड्ड्यापलीकडं माल ठेवी. सुळे काढून बकेट लावलं की मातीही उचली.

ऑपरेटर वीस-बावीस वर्षांचा पोरगा. शेडपुढं पाण्याची चारी खणलेली होती. ती बुजवून पुढं जायचं तर अर्धा दिवस मोडणार.

"बूम पोचतो की," पोरगा म्हणाला.

यंत्र 3 टन उचलणारं, पत्र्यांचा गठ्ठा 1 टनाचा. हिशेब सोपा वाटला. पण 3 टन ही ताकद बूम आखडलेला असतानाची. ओझं जितकं पुढं, तितकं कमी पेलतं. केबिनमध्ये तसा तक्ता लावला होता, पण त्यावर धूळ बसली होती.

कडुनिंबाखाली एक म्हातारे हमाल बसले होते. सगळे वर गठ्ठ्याकडं बघत होते, म्हातारबाबा मागच्या टायरकडं. टायरखाली दबलेलं गवत हळूच उभं राहू लागलं. केबिनमध्ये घंटी वाजली.

"खाली घे, खाली घे!" लोक ओरडले. पोराचा हातही तिकडंच गेला.

"खाली नको! आधी आत घे!" म्हातारबाबांचा आवाज सगळ्यांच्या वर गेला.

पोरानं बूम आखडला. मागची चाकं जमिनीवर टेकली. मग गठ्ठा सावकाश उतरला.

पोरगा घामानं भिजला होता. "बाबा, तुम्हाला हे यंत्र येतं?"

"यंत्र नाही रे, गोणी येते. थप्पीवरची 50 किलोची गोणी हात लांब ठेवून खाली घेतली, तर ती माणसाला घेऊन पडते. आधी छातीशी ओढायची, मग वाकायचं. तुझा बूम तिरका होता. तसाच खाली आणला असतास, तर गठ्ठा आणखी पुढं गेला असता."

ओझं पेलेनासं झालं की माणसाला ते टाकून मोकळं व्हावंसं वाटतं. म्हातारबाबांनी जन्मभर ते आधी जवळ घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी पोरानं चारीत पाइप टाकून वर मुरूम दाबला, तक्ता पुसला आणि यंत्र शेडला खेटून उभं केलं. पत्रे दुपारपर्यंत वर गेले.