बसवत नाही

स्वस्थपणा हा आपल्याकडे सद्गुणांत जमा आहे. चुळबुळ्या, उतावळा, पायाला भिंगरी लागलेला, ही सारी विशेषणे आपण माणसाच्या स्वभावाला लावतो. एखाद्याची अस्वस्थता स्वभावातून किंवा मनातून न येता औषधाच्या गोळीतून आली असेल, ही शंका आपल्याला सहसा शिवत नाही.

मुलुंडला आमच्या इमारतीत एक तरुण आहे. त्याला भास होऊ लागले, डॉक्टरांनी औषध सुरू केले आणि काही दिवसांत भास ओसरले. घरच्यांना हायसे वाटले. पण मुलगा घरभर फेऱ्या घालू लागला. अर्ध्या पोळीवरून उठे. उभा राहिला तरी या पायावरचा भार त्या पायावर, पुन्हा या पायावर. एकदा जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, "काका, डोकं शांत आहे हो. पण आतून कुणी किल्ली दिल्यासारखं होतं. बसलो की जीव नकोसा होतो." मागून त्याची आई म्हणाली, "पुन्हा सुरू झालं याचं."

या दोन वाक्यांपैकी खरे कोणते मानायचे? कालपर्यंत जो नसलेले आवाज ऐकत होता त्याची साक्ष आज का घ्यावी, असे आईच्या बाजूने म्हणता येईल. ज्या बाईने इतक्या रात्री जागून काढल्या तिला दोष देण्याचा अधिकार निदान शेजाऱ्यांना तरी नाही.

परंतु खरे मुलाचेच होते. या त्रासाला वैद्यकात अकॅथिझिया म्हणतात. मूळ ग्रीक अर्थ एवढाच, की बसता न येणे. प्रागच्या हास्कोवेट्स नावाच्या डॉक्टराने १९०१ साली हे नाव दिले. (आमच्या शेजारचे ठाण्याचे मनोरुग्णालयही त्याच सालचे.) त्याने पाहिलेल्या दोन रोग्यांच्या काळी ही औषधे नव्हतीच, त्यांचा त्रास मनाच्या दुबळेपणाच्या खाती टाकला गेला. पुढे १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझीन मनोरुग्णांना देऊ लागले. आपल्या सर्पगंधेतून काढलेले रेसर्पिनही त्याच सुमारास जगभरच्या इस्पितळांत पोचले. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी १९४९ साली रक्तदाबावरील सर्पगंधेच्या गुणाविषयी लिहिले, तेव्हापासून पश्चिमेचे लक्ष त्या मुळीकडे वळले होते. दोन्ही औषधे शांत करणारी, आणि दोन्हींनी काहींची बैठक मोडली! नव्या औषधांनी हा त्रास कमी झाला, नाहीसा झाला नाही.

मला सर्वांत बोलका वाटतो तो पुरावा मनोरुग्णालयाबाहेरचा आहे. उलटी थांबवण्याच्या मेटोक्लोप्रमाइडनेही हीच तगमग होऊ शकते. शहाणासुरता गृहस्थ इंजेक्शननंतर खाटेवरून उठून पळू पाहतो, तेव्हा त्याला कुणी वेडा म्हणत नाही. औषध बाधले म्हणतात. मग आमच्या तरुणालाच दुसरा न्याय का? माणसाचे एका बाबतीतले म्हणणे खोटे ठरले म्हणून स्वतःच्या पायांविषयीची त्याची साक्षही बाद होत नाही.

आणि ही चूक महागात पडते. तगमगीला आजार समजून मात्रा वाढवली, तर तगमगही वाढते. ती असह्य होऊन कुणी औषध टाकून देतो, कुणी जिवावर उदार होतो. तसे बोलणे कानी आले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. गोळी मात्र घरच्या घरी बंद करू नये, नाहीतर मूळ दुखणे उलटते. औषध कधी सुरू केले, कधी वाढवले आणि फेऱ्या कधीपासून, हे कागदावर मांडून नेले म्हणजे निम्मे काम होते. आमच्या तरुणाला डॉक्टरांनी विचारले, "मनात काही येतं म्हणून चालतोस, की चालल्यावाचून राहवत नाही म्हणून?" मग मात्रा उतरवली आणि काही दिवस प्रोप्रॅनोलॉल दिले. ते दमेकऱ्याला चालत नाही. काहींना औषधच बदलावे लागते.

एक प्रश्न उरतो. हे सारे रोग्याला आधी सांगावे काय? सांगितले तर तो गोळीच घेणार नाही, ही भीती पुष्कळ घरांत असते, आणि ती खोटी नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांचे ज्ञात दुष्परिणाम समजून घेण्याचा हक्क रोग्याला दिला आहे. पण कायदा नसता तरी मी सांगण्याच्याच बाजूने असतो. न सांगता दिलेल्या गोळीने पाय चळू लागले, तर घरच्यांनी आपल्यावर काही प्रयोग केला असे त्याला वाटणार, आणि ज्याच्या दुखण्यातच संशय आहे त्याला आपण संशयाला खरेच कारण दिलेले असणार. "बसवेनासं झालं तर लगेच सांग, त्यावर उपाय आहे," एवढे पहिल्या गोळीबरोबर म्हणायला कितीसा वेळ लागतो?