न भरून येणारी पोकळी

शोकसभा हा आपल्या सार्वजनिक जीवनांतील एक ठराविक विधि होऊन बसला आहे. हारांनीं झांकून गेलेली तसबीर, तिच्यापुढें दरवळणारी उदबत्ती, एकामागून एक उठणारे वक्ते आणि शेवटीं सर्वांनीं उभें राहून पाळलेली स्तब्धता, हा क्रम गांव बदललें म्हणून बदलत नाहीं. कांहीं महिन्यांपूर्वीं माधवनगर येथें अशाच एका सभेस जाण्याचा प्रसंग आला. दिवंगत गृहस्थांनीं एक लहानशी संस्था तीस वर्षें स्वतःच्या खांद्यावर वाहिली होती. त्यांच्या निष्ठेविषयीं कोणाच्याहि मनांत संशय नव्हता. सहा वक्ते बोलले, आणि प्रत्येकाच्या भाषणांत एक वाक्य हटकून आलें : त्यांच्या जाण्यानें कधींहि न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे. सभा संपल्यावर जोडे घालतां घालतां संस्थेचे वृद्ध कारकून मजजवळ येऊन हळूच म्हणाले, "पोकळी खरीच झाली आहे, साहेब. दप्तराच्या कपाटाची किल्ली ते कोठें ठेवीत, हें सुद्धां आम्हांपैकीं कोणास ठाऊक नाहीं."

हे उद्गार घरीं येईपर्यंत मनांत घोळत राहिले. जें वाक्य आपण सर्वांत मोठी स्तुति म्हणून उच्चारतों, तें वस्तुतः दोषारोप तर नव्हे? ज्याच्या मागें कोणालाच कांहीं करतां येत नाहीं, त्या पुरुषास यशस्वी नेता म्हणावें कीं अयशस्वी?

नेतृत्व कशानें सिद्ध होतें, याविषयीं विचारवंतांचें एकमत कधींच नव्हतें. टॉमस कार्लाइल यानें १८४० सालीं लंडन येथें दिलेल्या व्याख्यानांत थोर पुरुष हेच इतिहासाचे कर्ते होत, असा पक्ष मोठ्या आवेशानें मांडला. हर्बर्ट स्पेन्सर यानें पुढें त्यास उत्तर दिलें कीं, थोर पुरुष समाजास घडवील हें खरें. पण त्यापूर्वीं समाजानें त्या पुरुषास घडविलेलें असावें लागतें. विसाव्या शतकांत हा वाद मानसशास्त्राच्या हातीं गेला. नेत्याच्या अंगीं कोणते गुण असतात, या प्रश्नावर झालेले शंभराहून अधिक अभ्यास राल्फ स्टॉग्डिल या अमेरिकन संशोधकानें १९४८ सालीं तपासून पाहिले. बुद्धि, चिकाटी, जबाबदारीची जाणीव हे गुण उपयोगी पडतात. परंतु ते अंगीं असले म्हणजे मनुष्य कोठेंहि नेता होतो, असें म्हणतां येत नाहीं, हा त्याचा निष्कर्ष. परिस्थिति बदलली कीं कालचा नेता आज निरुपयोगी ठरूं शकतो. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यानें अधिकाराचे तीन प्रकार सांगितले : परंपरेनें आलेला, कायद्यानें मिळालेला आणि व्यक्तीच्या विलक्षण तेजामुळें लोकांनीं मान्य केलेला. यांपैकीं तिसरा सर्वांत प्रभावी आणि सर्वांत अस्थिर. कारण तें तेज मृत्युपत्रानें कोणास देतां येत नाहीं.

आमच्या प्रश्नास अधिक जवळचा असा एक प्रयोग १९३८-३९ च्या सुमारास अमेरिकेंत आयोवा येथें झाला. कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट व राल्फ व्हाइट यांनीं दहाएक वर्षांच्या मुलांचीं छोटीं मंडळें केलीं आणि त्यांस मुखवटे बनविण्यासारखीं कामें दिलीं. कांहीं मंडळांचा प्रमुख प्रत्येक गोष्ट हुकुमानें करवून घेई. कांहींचा प्रमुख मुलांशीं विचारविनिमय करून काम ठरवी. आणि कांहींचा प्रमुख काम मुलांवर टाकून स्वस्थ बसे. मग तो प्रमुख मुद्दाम थोडा वेळ खोलीबाहेर जाई. हुकुमावर चालणाऱ्या मंडळांतील काम त्याची पाठ वळतांच ढिलें पडे. विचारानें चालणाऱ्या मंडळांतील काम जवळजवळ तसेंच चालू राही. प्रमुख खोलींत असतां हीं मंडळें कशीं वागतात, यापेक्षां तो नसतांना तीं कशीं वागतात, यावरूनच त्याच्या नेतृत्वाची खरी किंमत कळली.

परदेशांतील मुलांच्या खेळावरून आम्हीं काय शिकावें, असें कोणी म्हणेल. तसें असेल तर फार दूर जाण्याचें कारण नाहीं. माधवनगर हें पुणें-मिरज लोहमार्गावरील लहानसें स्थानक आहे. तेथून पुण्याच्या दिशेनें साताऱ्यापर्यंत प्रवास केला, तर याच प्रश्नाचीं तीन मोठीं उदाहरणें वाटेवर भेटतात.

पहिलें किर्लोस्करवाडीजवळच्या कुंडल गांवीं. १९४२ च्या चळवळींत भूमिगत झालेले क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांचे सहकारी यांनीं तेव्हांच्या सातारा जिल्ह्यांत जें प्रतिसरकार उभें केलें, त्याचें कुंडल हें एक प्रमुख केंद्र होतें. याच मार्गावर शेणोली येथें ७ जून १९४३ रोजीं तुफान सेनेनें सरकारी पगार घेऊन जाणारी गाडी लुटली. नाना पाटलांची वाणी गांवेंच्या गांवें हलवून सोडी. वेबरनें वर्णिलेलें तेज त्यांच्या ठायीं होतें यांत शंका नाहीं. परंतु ज्याच्यावर सरकारनें इनाम लावलें आहे, त्यास एका गांवीं बसून राज्य चालवितां येत नाहीं. काम गटागटांत वांटलेलें होतें, गांवोगांवचे तंटे न्यायदान मंडळें तोडीत, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी यांसारखे तरुण आपापल्या जागीं निर्णय घेत. नेता १९४६ पर्यंत भूमिगतच राहिला, तरी काम थांबलें नाहीं. अर्थात् याची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. या सरकारच्या शिक्षा कठोर होत्या. तळपायांवर मारण्याची शिक्षा तर लोकांच्या तोंडीं त्याच्या नांवाशींच जोडली गेली. हातीं आलेली सत्ता आणि ती आवरण्याचा विवेक या दोन गोष्टी नेहमीं एकदम येतात असें नाहीं.

दुसरें उदाहरण औंधचें. त्यासाठीं रहिमतपूर येथें उतरावें लागतें. औंध हें बहात्तर गांवांचें विखुरलेलें संस्थान. कुंडलहि त्याच्याच हद्दींत होतें. त्याचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांचा अधिकार परंपरेनें आलेला. तो कोणी हिसकावून घेण्यापूर्वीं त्यांनीं आपण होऊन खालीं ठेविला. पुत्र अप्पासाहेब, पोलंडमधून आलेले इंजिनियर मॉरिस फ्रिडमन आणि महात्मा गांधी यांच्या विचारानें तयार झालेली राज्यघटना जानेवारी १९३९ मध्यें अमलांत आली, आणि ग्रामपंचायत हा राज्यकारभाराचा पाया ठरला. त्याच साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नांवाची भिंती नसलेली बंदिवानांची वसाहत निघाली, व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटाची कल्पना तिच्यावरूनच सुचली. पहारेकरी पाठमोरा असतांना बंदिवान काय करील, या प्रश्नास विश्वासानें उत्तर देणारी ती वसाहत, आयोवाच्या प्रयोगाहून कितीतरी धाडसी म्हटली पाहिजे. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें; परंतु सत्ता सोडूनहि राजा मोठा होऊं शकतो, हें तोंवर सिद्ध झालें होतें.

तिसरें उदाहरण साताऱ्याचें. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं कऱ्हाडजवळील काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्यें साताऱ्यास वसतिगृह काढलें. सर्व जातींचीं मुलें तेथें एका पंक्तीस बसत आणि अंगमेहनत करून शिकत. मुलांच्या अन्नासाठीं लक्ष्मीबाईंनीं मंगळसूत्रापर्यंतचे दागिने दिले. अशा नेत्याभोंवतीं देव्हारा उभारणें किती सोपें होतें! परंतु ज्यास स्वतःच्या कष्टानें शिकण्याची संवय लागली, त्याला दुसऱ्याच्या कृपेवर जगण्याची संवय राहात नाहीं. १९५९ सालीं भाऊराव गेले. तेव्हांहि शोकसभांत पोकळीचा उल्लेख झालाच असेल. पण त्यांच्या विद्यार्थ्यांतूनच शिक्षक निघाले, शिक्षकांतून चालक निघाले, आणि संस्थेच्या शेकडों शाखा आजहि चालू आहेत.

यावर एक आक्षेप येईल. नेत्यानें दूर राहणें हाच जर गुण, तर आळशी अध्यक्ष हा सर्वश्रेष्ठ नेता ठरेल! हा आक्षेप आयोवाच्या प्रयोगानेंच खोडून काढिला आहे. ज्या मंडळांचा प्रमुख स्वस्थ बसला, त्यांचें काम कमी झालें आणि वाईटहि झालें. दूर होण्यापूर्वीं पुष्कळ दिवस जवळ राहावें लागतें. चुका सोसाव्या लागतात. स्वतः दहा मिनिटांत झालें असतें तें काम दुसऱ्याकडून दोन दिवसांत होतांना शांतपणें पाहावें लागतें. कार्लाइलचें म्हणणें येथपर्यंत खरें आहे कीं, प्रारंभीं कोणीतरी असामान्य मनुष्य लागतो. परंतु त्याचें असामान्यत्व इतरांस सामान्य ठेवण्यांत खर्च झालें कीं त्यांना वर आणण्यांत, हा प्रश्न उरतोच. आणि तो कार्यक्षमतेचा नसून नीतीचा आहे. केवळ कार्यक्षमतेनें मोजावयाचें, तर लोकांस अंध करून विनाशाकडे नेणारे हुकुमशहाहि यशस्वी ठरतील. रॉबर्ट ग्रीनलीफ यानें १९७० सालीं सेवक-नेत्याची कल्पना मांडतांना हीच कसोटी लाविली : ज्यांची सेवा केली ते अधिक स्वतंत्र, अधिक शहाणे झाले काय?

ही कसोटी कठीण कां आहे, हें कळण्यास सभागृहांत जाण्याची गरज नाहीं. आपलें घर पुरे. बँकेचीं पुस्तकें, विम्याचे कागद, जमिनीचे उतारे सर्व स्वतःच्याच हातीं ठेवणारा कर्ता पुरुष आपल्या ओळखीचा आहे. कोणास त्रास नको म्हणूनच तो हें करतो, असें तो म्हणतो आणि तें खरेंहि असतें. सुनेस चुलीजवळ येऊं न देणारी सासूहि प्रेमानेंच राबत असते. परंतु आपल्यावांचून घराचें अडतें, या जाणिवेंत एक गोडी असते, आणि ती गोडी सोडवत नाहीं. प्रत्यक्ष स्वार्थ सोडणें त्या मानानें सोपें. आपली आवश्यकता सोडणें अवघड. ज्यांनीं आपल्यासाठीं आयुष्य वेंचलें, त्यांच्या जाण्यानंतर आपण असहाय होतों, तेव्हां त्यांच्या प्रेमांत कांहीं उणें राहिलें होतें असें म्हणावयास जीभ रेटत नाहीं. तरीहि तें म्हटलें पाहिजे. निदान स्वतःविषयीं तरी.

पंधरा दिवसांनीं तें कपाट कुलुपवाल्याकडून उघडविलें. कारकुनांच्या आग्रहावरून मी तेथें होतों. आंत तीस वर्षांचीं दप्तरें लाल फडक्यांत बांधून ओळीनें लाविलेलीं होतीं. प्रत्येक पावती जागच्या जागीं, प्रत्येक आंकडा सुवाच्य. एका पैची चूक सांपडण्यासारखी नव्हती. वृद्ध कारकून बराच वेळ तीं दप्तरें न्याहाळीत उभे राहिले आणि म्हणाले, "इतकें सोपें होतें! एकदां बसवून दाखविलें असतें, तर मीहि केलें असतें."